शहात्तर सालचं सिमेंट

हेडली लक्स्टनला आपलं घर दाखवू नये, असं इंग्लंडातल्या डेव्हन परगण्याच्या टेकड्यांमध्ये लोक एकमेकांना बजावतात आणि शेवटी त्यालाच बोलावतात. मातीच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा यांतलं त्याच्याएवढं कळणारा माणूस वीस मैलांत दुसरा नाही. सत्तर वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा हा गवंडी दारात उभा राहून आधी छपराकडे बघतो, मग जोत्याकडे, मग मालकाच्या बुटांकडे. बूट स्वच्छ असले की त्याचं मत तिथेच तयार होतं.

“ह्या तुळया काळ्या कुणी केल्या?”

मालक कौतुकानं सांगतो, मूळच्या ओकच्या आहेत.

“ओकच्या आहेत ते दिसतंय. ओक राखाडी असतो. हे बूट पॉलिश आहे.”

मग आतल्या भिंती. शहरातून आलेल्या माणसाला दगड दिसला की आनंद होतो. तो गिलावा खरवडून काढतो, दगडांच्या सांध्यांत बोट फिरवतो आणि त्यावर दिवे सोडतो. हेडली त्याला विचारतो, थंडी वाजते का. वाजते, असं उत्तर आलं की म्हणतो, “वाजणारच. भिंतीचं कातडं सोलून हाडं किती सुंदर आहेत म्हणून बघत बसलायत तुम्ही.”

त्याच्या तिरस्काराला उतरंड होती. सगळ्यात खाली घरं विकणारे दलाल, त्यांच्या वर घरं विकत घेणारे, त्यांच्या वर ज्यांना चुना आणि दही यांतला फरक पुस्तक उघडून बघावा लागतो असे कौन्सिलचे अधिकारी. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर मातीच्या भिंतीला सिमेंट फासणारा माणूस. त्यातही एक जण खास होता. हॉलाकॉट नावाच्या जुन्या शेतघराच्या उत्तरेच्या भिंतीला ज्यानं सिमेंट फासलं तो. ‘रिंग ऑफ बेल्स’ या पबमध्ये शुक्रवारी सायडरचा दुसरा ग्लास आला की हेडली त्याच्यावर यायचा.

“जो कोण होता त्याला त्या भिंतीला पाठ लावून एक हिवाळा झोपवायला पाहिजे,” तो म्हणायचा. किंवा, “त्याच्या आईनं त्याला माती खाऊ दिली असती तर निदान चव तरी कळली असती.” लोक हसायचे. नवं कुणी आलं की छप्पर शाकारणारा रेग स्नेल मुद्दाम विषय काढायचा, “हेडली, हॉलाकॉटच्या भिंतीचं काय रे?” आणि हेडली पुन्हा सुरुवात करायचा. असं तीस वर्षं चाललं.

तो जो कोण होता, तो हेडली लक्स्टनच होता.

हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. वडिलांना, सिरिल लक्स्टनना, ठाऊक होतं, ते गेले. ज्यांनी काम दिलं ते कुळानं शेती करणारे मिस्टर यीलँडही गेले आणि त्यांची मुलं कॅनडात. बायकोला, ॲव्हिसला, त्यानं कधी सांगितलं नव्हतं, लग्न नंतरचं. राहिली होती ती त्याची सही. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं कोरलेली: एच. एल. ७६. तिच्यावर आयव्हीची वेल चढली होती. वेल भिंतीला पोखरते, ओल धरते, मुळापासून उपटा, असं हेडली गावातल्या प्रत्येक घराला सांगायचा. हॉलाकॉटच्या एकामागून एक आलेल्या दोन मालकांना मात्र त्यानं सांगितलं होतं, वेल राहू द्या.

हॉलाकॉट गावापासून सव्वा मैलावर, उताराला लागून लांबलचक पसरलंय. वरच्या टोकाला माणसं, खालच्या टोकाला गुरं, मध्ये आरपार बोळ, बोळाला समोरासमोर दोन दारं. माणसं आणि गाई एकाच दारानं आत यायची. माणसं वर वळायची, गाई खाली. गोठ्याची फरशी उतरती, आणि टोकाच्या, म्हणजे त्याच उत्तरेच्या, भिंतीत जोत्यापाशी मोरीचं भोक, त्यातून मूत आणि धुवण बाहेर जायचं. तीन फूट दगडी जोतं, त्यावर चिखल आणि पेंढा तुडवून उभारलेली अडीच फूट जाड भिंत. एकेक थर घालायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. कोपरे गोल, कारण गाडी घासते, गाय अंग घासते, आणि मातीला धारदार कोपरा मानवत नाही. वरून शाकारलेलं छप्पर, वळचण चांगली दोन हात पुढे आलेली. चारशे वर्षांपूर्वी ज्यानं हे बांधलं त्याला लिहिता येत नसावं, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्याला माहीत होतं. त्याच्यानंतर आलेल्या सगळ्यांना लिहिता येत होतं.

यीलँड गेल्यावर ब्रिस्टलचा एक वकील आला. त्यानं चुलीची भिंत फोडली, आत आणखी जुनी चूल सापडली, तिच्या आत पावाची भट्टी सापडली, आणि त्या भट्टीत त्यानं टेलिव्हिजन ठेवला. त्याच्यानंतरच्या जोडप्यानं गोठ्याचं स्वयंपाकघर केलं, गव्हाणीत वाइनच्या बाटल्या आडव्या मांडल्या आणि पाहुण्यांना सांगितलं की इथे पूर्वी जनावरं असत, जणू जनावरं म्हणजे एक गोड गैरसमज होता. तिसऱ्या खेपेला आल्या मिसेस कीलिंग.

रोझलिंड कीलिंग क्रॉयडनच्या दंतवैद्य. निवृत्त, विधवा, सहासष्ट वर्षांच्या. त्यांचे बूट चिखलाचे होते, आणि त्या प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसत. हेडलीला हे अवघड गेलं. मूर्खाशी बोलायची त्याला सवय होती.

त्यांनी त्याला बोलावलं ते एप्रिलमध्ये. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून फुगवटा आला होता आणि आतून, वाइनच्या गव्हाणीमागे, ओलीनं पोपडे सुटत होते. शहरातला एक कंत्राटदार येऊन दोरी लावून गेला होता. त्याचं म्हणणं, भिंत पाडा, काँक्रीटचे ठोकळे लावा, वरून दगडाचा पातळ मुलामा द्या, कुणाला कळणार नाही.

“कंत्राटदार म्हणतात, भिंत मेली आहे,” मिसेस कीलिंग म्हणाल्या.

“त्यानं भिंत जिवंत कधी बघितली असेल तर ना, बाई.”

“मग तुम्ही बघा.”

हेडलीनं शिडी लावली आणि बोटांच्या पेरांनी वरून खालपर्यंत भिंत ठोकत आला. वर आवाज पोकळ येत होता, म्हणजे सिमेंट सुटलं होतं पण माती मागे कोरडी होती. मधोमध बरा. खाली, जोत्याच्या वर हातभर, आवाजच येईना. ओल्या ब्लँकेटवर ठोकावं तसं.

“वरचे तीन हिस्से चांगले आहेत,” तो उतरून म्हणाला. “सिमेंटला भेगा पडल्या, पाऊस आत गेला, बाहेर यायला वाट नाही. सगळं पाणी खाली बसलंय. आधी टेकू द्यायचे. मग वरून सुरुवात. हातभर पट्टा काढायचा, थांबायचं, वाळू द्यायचं, मग पुढचा. खालचा कोपरा सगळ्यात शेवटी, पुढच्या उन्हाळ्यात. त्याला आत्ता हात लावायचा नाही. तो नुसत्या सिमेंटच्या पापुद्र्यानं उभा आहे.”

“किडलेल्या दातावर टोपी.”

“दातांचं मला काही कळत नाही.”

“मला कळतं. टोपी बसवणाऱ्याला बाहेरून फार छान दिसतं.” त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, “कोण होता हा माणूस?”

“असेल कुणी गाढव,” हेडली म्हणाला.

त्यांनी कामाचा क्रम कागदावर उतरवून घेतला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि फ्रिजवर चुंबकानं लावला. घर जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, तेव्हा कौन्सिलचा टोबी मार्चंट येऊन पाहून गेला. तिशीतला, नीटस दाढीचा, हातात लाकडी मुठीची छत्री. त्यानं परवानगी लेखी दिली आणि तीही अशी: काम मिस्टर लक्स्टन यांच्या क्रमानं व्हावं, तसं करूनही भिंत खचली तर ती वाचण्यापलीकडे गेलेली समजून पाडण्यास हरकत नाही. हेडलीनं ते वाचून कागद परत दिला. त्याला त्यात काही धोका दिसला नाही. क्रम बरोबर होता. क्रम त्याच्या बापाचा होता.

धोका आला तो मिसेस कीलिंगच्या एका साध्या वाक्यातून. “सोमवारी माळी येतोय. पहिल्यांदा ती वेल काढून टाकू.”

“वेल राहू द्या.”

“का?”

“आधार आहे तिचा.”

“मिस्टर लक्स्टन, गेल्या महिन्यात चर्चच्या आवारात तुम्ही वेलीबद्दल पाऊण तास बोललात. मी तिथे होते. तुम्ही तिला चोर म्हणालात.”

दिवस शुक्रवारचा होता. त्या संध्याकाळी तो पबमध्ये गेला नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात इंग्लंडात पाऊस पडायचा थांबला होता. विहिरी आटल्या, कुरणं पिवळी पडली, हॉलाकॉटच्या भिंती बिस्किटासारख्या कोरड्या झाल्या. मिस्टर यीलँडना घर मोठ्या रस्त्यावरच्या नव्या बंगल्यासारखं दिसायला हवं होतं. गाई नव्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या होत्या. त्यांनी लक्स्टन बापलेकांना बोलावलं आणि सिमेंटच्या गोण्या दाखवल्या. सिरिलनी गोण्यांकडे बघितलं, घराला एक चक्कर मारली, थापी पिशवीत परत टाकली आणि तीन मैल चालत घरी गेले. बावीस वर्षांचा हेडली राहिला.

चार दिवसांत त्यानं काम उरकलं. भिंतीवर आधी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली, गिलावा धरून ठेवायला. मग दोन इंच जाड सिमेंट चढवलं. मोरीचं भोक कुरूप दिसत होतं, तेही बुजवलं. गोल कोपरा त्याला गबाळा वाटला. फळी लावून धार काढली. आणि खरी लाज वाटण्याजोगी गोष्ट अशी की काम उत्तम झालं होतं. एक भेग नाही, एक लाट नाही. खुशीत येऊन त्यानं सही केली.

रात्रीच्या जेवणाला सिरिल म्हणाले, “छान झालंय म्हणे.”

“झालंय,” हेडली म्हणाला.

“श्वास घ्यायला नाक कुठे ठेवलंस तिला?”

हेडली हसला होता. पहिली भेग आठ वर्षांनी पडली. त्यानंतर काही वर्षांनी शहरातली माणसं ही घरं घ्यायला लागली आणि त्यांना सिमेंट नको झालं, चुना हवासा झाला. सिरिल तेव्हा अंथरुणाला खिळले होते. हेडलीनं त्यांची थापी उचलली, त्यांचं बोलणं उचललं, आणि तरुणपणी ज्या घरांना सिमेंट चढवलं होतं त्यांतल्या कितीतरी घरांचं सिमेंट उतरवून म्हातारपण काढलं. त्या इतर घरांवर त्यानं सही केली नव्हती.

रविवारी मिसेस कीलिंग मुलीकडे एक्सेटरला जेवायला जातात. अकरा वाजता त्यांची गाडी वळणापार गेली. सव्वाअकराला हेडली छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीपाशी आला. ॲव्हिसला त्यानं सांगितलं होतं, टेकू कुठे लावायचे ते बघून येतो. कोकराचं मांस भट्टीत ठेवता ठेवता ती म्हणाली होती, “दीडला ताटावर पाहिजेस.”

त्यानं आयव्ही कापली. अक्षरं काल कोरल्यासारखी स्वच्छ होती. एवढाच तुकडा काढायचा, असा त्याचा हिशेब होता. फूटभर लांब, फूटभर रुंद. मागे ओल असली तरी एवढ्यानं काही होत नाही. उद्या माळी आला तर म्हणायचं, ओल किती आहे ते बघायला काढला. हे सगळं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हेडलीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

चौकोन आखून त्यानं चारी बाजूंनी छिन्नी मारली, कड सैल केली आणि तुकडा दोन्ही हातांनी ओढला. तो येईना. त्यानं आणखी जोर लावला.

जाळी तो विसरला होता. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्यानंच प्रत्येक फुटाला खिळा मारून ती भिंतभर ताणली होती. तुकडा सुटला, पण जाळीनं आजूबाजूचा पापुद्रा बरोबर खेचला, अख्खा कोपरा उघडा पडला आणि त्यामागे भिंत नव्हतीच. तपकिरी लापशी होती. ती क्षणभर तशीच राहिली आणि मग खाली आली. आवाज धडाडकन झाला नाही. गाय शेण टाकते तसा झाला, फक्त गाय घराएवढी होती. हेडली मागे सरकला म्हणून वाचला. दोन थर बसले, त्यांच्यावरचा तिसरा फाटला, आणि वरच्या खोलीचा कोपरा उघडा पडला. तिथून मिसेस कीलिंगचं कपाट आणि त्यावरच्या टोप्यांची खोकी दिसत होती. वळचण अधांतरी लोंबत होती.

त्यानं रेगला फोन केला. रेग अर्ध्या मैलावर राहतो. वीस मिनिटांत ट्रेलरवर लाकडं घालून आला. उतरला, भिंतीकडे बघितलं, कापलेल्या वेलीकडे बघितलं.

“वरून सुरुवात करणार होतास ना?”

“टेकू लाव.”

“लावतो. नुसतं विचारलं.”

“आपोआप बसली. मी बघायला आलो आणि बसली.”

“हो का,” रेग म्हणाला. “छिन्नी बघून घाबरली असेल.”

अडीचपर्यंत त्यांनी छपराखाली चार टेकू दिले. सहीचा तुकडा चिखलात पालथा पडला होता. हेडलीनं तो पायानं कुंपणाकडे ढकलला. कोकराचं मांस ॲव्हिसनं एकटीनं खाल्लं.

मिसेस कीलिंग चारला आल्या. आरडाओरडा केला नाही. आत गेल्या, फ्रिजवरचा कागद घेऊन आल्या आणि वाचला, “‘खालचा कोपरा सगळ्यात शेवटी. त्याला आत्ता हात लावायचा नाही.’ अक्षर माझं आहे, शब्द तुमचे. काय झालं?”

“आपोआप बसली, बाई. मी सांगत होतो ना, कोपरा नाजूक आहे.”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. माणूस तोंड उघडायच्या आधी कुठे दुखतंय हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. “उद्या नऊला मिस्टर मार्चंट येतील,” एवढंच म्हणाल्या. “मी कळवते.”

सोमवारी नऊला टोबी मार्चंट आला. कंत्राटदारही आला, त्याला कुणी बोलावलं माहीत नाही, पण पडकी भिंत त्याला वासानं कळत असावी. तो दोरी काढून मोजायला लागला आणि मोजता मोजता गुणगुणत होता. रेग टेकू तपासायच्या निमित्तानं हजर होता. माळीही आला होता, पण त्याला काढायला वेल उरली नव्हती, म्हणून तो चहा घेऊन उभा राहिला.

“काम सुरू झालं होतं?” टोबीनं विचारलं.

“नाही,” हेडली म्हणाला.

“म्हणजे हात न लावता खचली?”

हेडलीनं मान हलवली. हो म्हणाला नाही, पण मान हलवली.

टोबीनं वही उघडली. “मग प्रश्नच मिटतो. हात न लावता खचते म्हणजे वरचंही धोक्याचं. मला फार वाईट वाटतं, मिसेस कीलिंग. इतकी सुंदर भिंत. पण अशा वेळी जबाबदारीनं वागायला हवं. पाडून ठोकळ्यांची बांधायला मी ना हरकत देतो.”

“सोळा दिवसांत उभी करतो,” कंत्राटदार म्हणाला. “सरळ. ओळंब्यात. कोपरे अगदी धारदार.”

मिसेस कीलिंग हेडलीकडे बघत होत्या. प्रश्न विचारून झाला होता, आणि उत्तर संपलं नाही हे त्यांना दिसत होतं.

हेडलीनं वर बघितलं. फाटलेल्या जागेत मातीचे थर उघडे पडले होते, एकावर एक, प्रत्येकात पेंढा सोनेरी आणि कोरडा, कालच कापल्यासारखा. पाच थर. त्यांना काही झालं नव्हतं. चारशे पावसाळे काढलेल्या त्या भिंतीला आता वहीतल्या चार ओळी पाडणार होत्या, आणि त्या चार ओळी त्याच्या मानेनं लिहिल्या होत्या.

“वरचं चांगलं आहे,” तो म्हणाला.

“पण तुम्हीच म्हणालात, आपोआप खचली.”

“आपोआप काही झालं नाही. मी खाली छिन्नी मारली.”

कंत्राटदाराचं गुणगुणणं थांबलं. “खाली? तुमच्या कागदावर तर लिहिलंय...”

“मला वाचता येतं.”

“मग का मारलीत?” टोबीनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या नोकरीचा होता, त्यात कुत्सितपणा नव्हता, आणि म्हणून तो जास्त लागला.

हेडली कुंपणापाशी गेला, वाकला, सिमेंटचा तुकडा उचलून आणला आणि उलटा करून त्यांच्यासमोर जोत्यावर ठेवला. कोटाच्या बाहीनं चिखल पुसला. एच. एल. ७६.

माळ्यानं कप खाली ठेवला. तो दर शुक्रवारी पबमध्ये असायचा.

“हे काढायचं होतं,” हेडली म्हणाला. “माळी यायच्या आधी. भिंत माझ्यामुळे पडली, दोन्ही वेळा. आता ते लिहा वहीत. ओळंबा वगैरे राहू द्या.”

“तुम्हीच ते गाढव,” मिसेस कीलिंग म्हणाल्या.

“मीच.”

त्या खाली वाकून अक्षरं बघायला लागल्या. “चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात काम केलं, मिस्टर लक्स्टन. चुका मीही केल्या. पण दातावर सही मी कधी केली नाही.”

टोबीनं आधीचं पान फाडलं आणि नव्यानं लिहिलं: कोपरा कारागिराच्या चुकीनं खचला, उरलेली भिंत सुस्थितीत, मूळ पद्धतीनं दुरुस्त करावी. ‘कारागिराच्या चुकीनं’ या शब्दांवर तो अडखळला, त्यानं मऊ शब्द शोधला, सापडला नाही. कौन्सिलच्या त्या फायलीत हेडलीबद्दल याआधी फक्त कौतुक होतं. कंत्राटदार दोरी गुंडाळून गेला. जाताना म्हणाला, “मातीवाल्यांनो, तुमचं चालू द्या.”

सगळे पांगल्यावर रेग टेकूच्या पाचरी ठोकत होता. हेडली खाली बसला होता.

“एक सांगू का, लेका,” रेग म्हणाला. “तो खिळा माझा होता.”

“कुठला?”

“ज्यानं तू नाव कोरलंस तो. मी त्या उन्हाळ्यात ह्याच छपरावर होतो. तू खालून ओरडलास, रेग, खिळा टाक. मी टाकला.”

हेडली उठून उभा राहिला. “तीस वर्षं. दर शुक्रवारी तूच विषय काढायचास.”

“हो.”

“बोलला का नाहीस?”

“इतक्या छान शिव्या देत होतास,” रेग म्हणाला, “मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं.”

कामाला दोन उन्हाळे लागले. हेडलीनं पडलेलीच माती पसरून वाळवली, त्यात नवा पेंढा घातला आणि यीलँडच्या जुन्या अंगणात पायांनी तुडवली. शेजारच्या शेतातल्या दोन गाई मागून आणून त्यांच्याकडूनही तुडवून घेतली. गाईंना काम जमत होतं, माणसापेक्षा बरं. एकेक थर, मग वाट बघणं. सिमेंट वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उतरलं आणि जाळी पकडीनं तुकडे करून काढावी लागली. मोरीचं भोक मोकळं केलं तेव्हा आतून वाटीभर काळं पाणी आलं आणि मग थेंब थेंब आठवडाभर येत राहिलं. नवा कोपरा त्यानं कुदळीच्या पात्यानं गोल तासला. वर चुन्याचे पाच हात दिले. सही केली नाही.

पबमध्ये विषय निघतो, पण आता तो विचारायचा आणि उत्तर ऐकायचा विषय राहिला नाही. रेगनं एकदा विचारून बघितलं, “हेडली, हॉलाकॉटच्या भिंतीला सिमेंट कुणी लावलं रे?” हेडली म्हणाला, “मी,” आणि सायडर प्यायला. त्यात कुणाला मजा आली नाही. काळ्या तुळयांबद्दल तो अजून बोलतो, पण नवी माणसं आता आधी त्याच्या बुटांकडे बघतात.

सिमेंटचा तो तुकडा मिसेस कीलिंगनी टाकला नाही. गोठ्याच्या बाजूच्या दाराला पायरी हवी होती; त्यांनी माळ्याकडून तो तिथे बसवून घेतला, अक्षरं वर. माळी त्यावर पाय ठेवतो, पोस्टमन ठेवतो, टोबी मार्चंट छत्री टेकवतो. हेडली ते दोन्ही उन्हाळे रोज लांब टांग टाकून तो ओलांडत होता आणि एकदा पावसात घसरून पडलाही.

काम संपलं त्या सप्टेंबरात ॲव्हिस पहिल्यांदा भिंत बघायला आली. शेतातून चालत आल्यामुळे बूट चिखलानं भरले होते. तिनं भिंतीकडे बघितलं आणि पायरीच्या कडेला बुटांचे तळवे नीट खरवडायला लागली.

“तिथे नको पुसूस,” हेडली म्हणाला.

“का? चांगली घट्ट आहे.”

“घट्ट आहेच. कड बघ, अजून सरळ आहे. एवढ्या वर्षांत केसभर ढळली नाही.”

“तेच तर भिंतीला भोवलं ना,” ॲव्हिस म्हणाली आणि दुसरा बूट खरवडायला घेतला.